चिरलेली भाकर

लग्नाला नऊ वर्षं उलटल्यावर लेकीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. सगळ्यांनी आशा सोडली होती, पाळणा माळ्यावर धूळ खात पडला होता, म्हणून ते वर्ष भट्टीवाल्यांच्या घरात कोणी विसरत नाही. आणि त्याच वर्षी, मूल दीड महिन्याचं असताना, त्याच्या आजीने, मौनीबाईने, एका शनिवारी तोंड उघडलं.

मौनीबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते शेजारच्या सुताराने ठेवलेलं. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा असा चाले, की पाव घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पाव गार होईपर्यंत दारातून हलायचं नाही. पण महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी ती चकार शब्द बोलत नसे. "महिन्यातून एक सकाळ ती मौनी," सुतार म्हणायचा, "बाकीचे दिवस आपण सगळे."

त्या सकाळी ती मेजाची भाकर मळायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे, आणि पाळक जी भाकर हातात घेऊन मोडत ती तीन पिढ्या याच भट्टीतून जात होती. भाकर म्हणायची ती मंडळीची रीत. खरं तर तो ताटाएवढा गोल पाव. नवऱ्याच्या आजोबांनी भट्टी बांधली तेव्हाच या भाकरीसाठी आठ नियम घालून दिले आणि निळ्या रंगात फळीवर लिहून काथवटीच्या वर भिंतीला ठोकले. काथवट म्हणजे पीठ मळायची होडीसारखी लाकडी परात, तीही त्यांच्याच हातची. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही घालायचं नाही. हात तीन पाण्यांनी धुवायचे. मळायला घेतल्यापासून पीठ झाकेपर्यंत बोलायचं नाही आणि काथवट सोडून हलायचं नाही. आठवा नियम सगळ्यांत कडक: चिरलेली भाकर मेजावर जायची नाही. म्हणून नेहमी दोन भाजायच्या, आणि जिला भेग पडेल ती घरातच संपवायची.

मौनीबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. सासूने आठही नियम तिच्याकडून तोंडपाठ करून घेतले, चुकेल तिथे दंडाला चिमटा काढून. सासू वाईट नव्हती, खाष्ट होती. तिच्या हातची भाकर कधी चिरली नाही असं लोक सांगत, आणि ती स्वतःही सांगे.

सासू गेली त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. त्याची सुरुवातही अशाच एका शनिवारी झाली. सासू चार दिवस तापाने आतल्या खोलीत पडून होती. नवरा पावांची हातगाडी घेऊन फेरीला गेलेला, लेक शाळेत. आदल्या दिवशी सासू-सुनेची चांगलीच जुंपली होती आणि सासूने तिच्या मेलेल्या आईचाही उद्धार केला होता. मौनीबाई कोपरापर्यंत हात घालून मळत होती, तेव्हा आतून हाक आली.

"सूनबाई!"

तिने वर फळीकडे पाहिलं. वाचता येत नसलं तरी कुठला नियम कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. हा चौथा.

"अगं सूनबाई, जरा ये गं."

हात मळत राहिले. आणि तेव्हा तिला आतून बरं वाटलं. हे ती पुढे कधी विसरू शकली नाही. बस हाका मारत, असं काहीतरी मनात आलं, आणि ते गूळ चघळावा तसं गोड लागलं. वर नियम होता, खाली तिचे हात होते. तिला कोणी बोल लावू शकत नव्हतं.

तिसरी हाक अगदी हळू आली.

मळून झालं, पीठ झाकलं, हात धुतले, मग ती आत गेली. सासू पलंगावरून खाली पडलेली, एक हात लांब केलेला. कोनाड्यातला पाण्याचा तांब्या त्या हातापासून वीतभर दूर. सोमवारी दुपारी ती गेली, मध्ये एकही शब्द न बोलता.

लोकांनी तोंडात बोटं घातली. काय ही सून! घरात मरण येऊन उभं राहिलं तरी हिने मेजाच्या भाकरीचं मौन मोडलं नाही. हाकांचं मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या वेळच्या पाळकांनी तर पुढच्या महिन्यातल्या प्रभुभोजनाच्या रविवारी उपदेशात तिचा दाखला दिला. ती पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होती. भाकरीचं ताट रांगेतून तिच्याकडे येऊ लागलं, तशी ती उठली आणि भट्टीत विस्तव राहिलाय असं पुटपुटत बाहेर पडली.

त्यानंतर दर महिन्याला भट्टीत विस्तव राहू लागला.

पुढच्या वर्षी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती लेकीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकली. लोकांना वाटलं, शास्त्र वाचायचं असेल. तिला फक्त ती फळी वाचायची होती. कोण जाणे, तो नियम तिथे नसेलच. सासूने पदरचा घातला असेल. एका दुपारी भट्टीत कोणी नसताना ती स्टुलावर चढली आणि काना, मात्रा, वेलांटी जुळवत बोटाने चौथ्या ओळीपर्यंत पोचली. नियम होता. निळ्या रंगात, जसा तिला शिकवला तसाच. आणि तिने तो पाळला होता. मोडला असता तर क्षमा मागता आली असती. मोडलाच नव्हता, तर मागायची कशाची?

म्हणून एकोणीस वर्षं ती मेजाला भाकर देत राहिली, आणि त्या मेजावरचा एक कणही तिने तोंडात घातला नाही. नियम मात्र आणखी कसोशीने पाळले. हात तीनऐवजी सात पाण्यांनी धुतले. उपास आदल्या सकाळपासून धरला. तिची भाकर कधी चिरली नाही. दर वेळी ती भट्टीतून काढताना तिला वाटे, आज काहीतरी हलकं होईल. व्हायचं नाही.

तर त्या वर्षीचा तो शनिवार. सकाळची भट्टी उतरली होती, नवरा गाडी घेऊन गेला होता. बाळंतपणाला आलेली लेक आतल्या खोलीत, आजीच्याच पलंगावर, मुलीला पाजत बसली होती. मौनीबाईने खमीर पिठात मोडलं, कोमट पाणी घातलं आणि मळायला सुरुवात केली. मीठ शेवटी घालायचं म्हणून वाटीत काढून शेजारी ठेवलेलं. पीठ अजून हाताला चिकटत होतं, तेव्हा आतून हाक आली.

"आई!"

तिचे हात थांबले.

"आई, अगं आई, ही बघ कशी करतेय!"

तीच खोली. तेच दार. तिची मान सवयीने वर फळीकडे वळली, आणि डोळे चौथ्या ओळीवर गेले. आता तिला वाचता येत होतं. ती ओळ तिने वाचली की नाही, हे तिला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं, की तिसरी हाक यायच्या आत ती दारात होती.

मुलीच्या नाकातोंडातून दूध आलं होतं आणि तिचा श्वास अडला होता. ओठ जांभळे, डोळे पांढरे. लेक तिला छातीशी धरून नुसती पाठ चोळत होती.

"दे इकडे! दे म्हणते ना!" मौनीबाई ओरडली.

तिने पोरीला हातावर पालथी घेतली, डोकं खाली, आणि पाठीत थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. काही नाही. "अगं रड! रड ना गं बाई! एवढी नऊ वर्षं वाट बघायला लावलीस, आता रडायला काय झालं तुला!" चौथी थापटी बसली तशी दुधाची गुठळी बाहेर पडली आणि पोरीने असा टाहो फोडला, की पलीकडून सुतार हातात रंधा घेऊन धावत आला.

"काय झालं? कोण ओरडलं?"

"मी ओरडले!" मौनीबाई म्हणाली. "उभे काय राहिलात खांबासारखे? गाडी बघा, दवाखान्यात जायचंय."

सुतार गाडी बघायला पळाला खरा, पण दारातून एकदा मागे वळून पाहिलं. आज शनिवार होता, आणि मौनीबाई बोलत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला उलटसुलट तपासलं. "बरी आहे. दुपारपर्यंत इथेच राहू द्या, लक्ष ठेवते." मग तिच्या उघड्या पाठीकडे पाहून त्या थांबल्या. इवल्याशा पाठीवर वाळलेल्या पिठाची पाच बोटं उमटली होती. "हा पंजा कोणाचा?"

"माझा," मौनीबाई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. लेकीला वाटलं, नातीसाठी. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. उठून जायला किती सोपं होतं! सहा पावलं. काथवटीपासून त्या पलंगापर्यंत मोजून सहा पावलं होती.

घरी परतायला चार वाजले. नवरा दारातच उभा होता; सुताराने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने नातीला घेतलं, तिच्या डोक्याचा वास घेतला आणि जीव भांड्यात पडल्यासारखा खाली बसला. मग हळूच म्हणाला, "भट्टीत मी गेलेलो नाही. म्हटलं तू आल्यावरच."

मौनीबाईला आठवलं. पीठ! सात तास ते पीठ उघडं पडलं होतं. न झाकलेलं, अर्धवट मळलेलं. मिठाची वाटी तिथेच राहिलेली, कारण मीठ घातलंच नव्हतं. सकाळी सात पाण्यांनी धुतलेले हात दिवसभर कुठे कुठे लागले होते. घाबरून सकाळी लेकीने हातात दिलेला चहा ढोसला होता दवाखान्यात. आठांतला एक नियम धड उरला नव्हता. तिने भट्टीचं दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थबकली.

पीठ फुगलं होतं. काथवट भरून, काठांवरून उतरून, एका बाजूने जमिनीवर ओघळलं होतं, आणि तरीही वर येतच होतं. मिठाचा लगाम नसला की खमीर मोकाट सुटतं, हे तिला माहीत होतं. तीस वर्षांच्या कामात अधूनमधून पाहिलेलंही होतं. पण हे असं तिने कधी पाहिलं नव्हतं. खिडकीतून तिरपं ऊन त्याच्यावर पडलं होतं. वरची साय चकाकत होती, तिच्याखाली बुडबुडे हलके हलके उठत होते. एखादं मोठं, शांत जनावर झोपेत श्वास घेतंय असं ते दिसत होतं. खोलीभर त्याचा आंबूस, गोडसर वास भरला होता.

ती बघत राहिली. नवरा मागून येऊन उभा राहिला.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, की ती सात वेळा हात धुते म्हणून हे वर येतं. ती गप्प बसते म्हणून, उपाशी राहते म्हणून. आज तिने काहीही केलं नव्हतं. ती इथे नव्हतीसुद्धा. ती तिकडे दवाखान्याच्या बाकावर नाक पुसत बसली होती, आणि इथे, रिकाम्या खोलीत, कोणी बघत नसताना, हे आपलं वर येत होतं. तिने एक बोट पुढे केलं आणि पिठाला टेकवलं. ते कोमट होतं.

"फेकायचं का?" नवऱ्याने विचारलं. "पाळकांना मी सांगतो. या महिन्यात नाही जमलं म्हणून. माणसं समजून घेतील."

"नाही," ती म्हणाली. "भाजू या."

"अगं, पण नियम..."

"भाजू या हो. भट्टीत ऊब आहे अजून?"

जमिनीवरचं टाकून द्यावं लागलं, म्हणून उरलं ते एकाच भाकरीपुरतं. तिने ते गोळा करून गोल केलं; आता मीठ मळायला घेतलं असतं तर सगळंच बसलं असतं. ते हातात ठरेना, पसरत राहिलं. लांब दांड्याच्या फावड्यावर घेऊन नवऱ्याने भट्टीत सारलं. पाऊण तासाने बाहेर काढलं, तर भाकर फिक्कट रंगाची, बसकी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेली. भेग कसली, दोन बोटं आत जातील अशी घळ. आतला पांढरा गर दिसत होता.

नवऱ्याने भाकरीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फळीकडे. "आजोबा आज थडग्यात कूस बदलणार," तो म्हणाला.

मौनीबाईने भाकर स्वच्छ फडक्यात गुंडाळली. "चला माझ्याबरोबर. पाळकांकडे जायचंय. तुम्ही बाहेर बसा, मला त्यांच्याशी बोलायचंय."

पाळकांचं घर चर्चच्या मागे होतं. म्हातारे, एकटे, गुडघ्यांनी बेजार झालेले. ती आत गेली तेव्हा ते खुर्चीत बसून दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून शेकत होते.

"या, बाई, या. उठत नाही, माफ करा. उठलो तर बादली सांडेल आणि मी पण." मग त्यांचं लक्ष फडक्याकडे गेलं. "आज तुम्ही स्वतः? दर वेळी तर यजमान आणतात."

तिने फडकं उलगडून भाकर मेजावर ठेवली. "चिरलीय."

"दिसतंय."

"मी बोलले. मळताना उठले. चहा प्यायले. मीठ नाही हिच्यात." ती एका दमात सांगून गेली, आणि मग सकाळचं सगळं सांगितलं. पाळक ऐकत होते. "आणि आणखी एक आहे," ती म्हणाली. उभ्या उभ्याच तिने एकोणीस वर्षांपूर्वीचा तो शनिवार सांगितला. तिन्ही हाका सांगितल्या. दुसऱ्या हाकेला आतून बरं वाटलं, तेही सांगितलं. "मी नियम मोडला नव्हता, पाळकसाहेब. तेच तर आहे. नियम पाळून मी त्यांना मारलं. आणि लोकांनी मला डोक्यावर घेतलं."

बादलीतल्या पाण्यातून वाफ येत होती. पाळकांनी एकेक करून दोन्ही पाय बादलीतून बाहेर काढले.

"पाप होतं ते," शेवटी ते म्हणाले.

तिने झटकन वर पाहिलं. एकोणीस वर्षांत हा शब्द तिला कोणी म्हटला नव्हता. तो ऐकला आणि ती मटकन स्टुलावर बसली.

"होतं ना?" ती म्हणाली.

"होतं. तुम्हांला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मी काय नवीन सांगितलं? पण बाई, मला एक सांगा. एवढी वर्षं तुम्ही ताट यायच्या आधी उठून जाता. मी बघतो. विस्तव वगैरे काही नसतो, हेही मला माहीत आहे. तुम्ही कशाची वाट बघताय?"

"लायक होण्याची."

"आणि झालात?"

"नाही."

"मीही नाही," पाळक म्हणाले. "लायक माणसांसाठीच मेज मांडायचं म्हटलं, तर उद्या मी चर्चला कुलूप घालून घरी पाय शेकत बसतो. येणार कोण? प्रभूने मेज मांडलं तेच मुळी भुकेल्यांसाठी, बाई. तुमच्या हातांनी मळलं म्हणून ती त्याची भाकर होत नाही. तो देतो म्हणून होते."

"पण ही चिरलीय," ती पुन्हा म्हणाली.

पाळक तिच्याकडे विचित्र नजरेने बघू लागले. "उद्या हिचं मी काय करणार आहे?"

"मोडणार."

"मग?"

तीन पिढ्या या घराने एकही चिरलेली भाकर मेजावर जाऊ दिली नव्हती, आणि मेजावर गेलेली प्रत्येक भाकर सगळ्यांत आधी मोडली गेली होती. तरुणपणी तिने ते पाहिलेलं होतंच. पण एकोणीस वर्षं त्या क्षणी ती रस्त्यावर असायची, घराकडे चालत.

"यजमानांना सांगितलंय?" पाळकांनी विचारलं. "आई त्यांची होती."

"नाही."

"ते मात्र तुम्हीच सांगायचं. माझ्याच्याने ते व्हायचं नाही."

नवरा चर्चच्या पायरीवर बसला होता. उजेड अजून पुरता गेला नव्हता. ती त्याच्या शेजारी बसली, आणि ज्याची तिला एवढी वर्षं मरणाची भीती वाटत होती ते तिने चार वाक्यांत सांगून टाकलं. "तुमच्या आईंनी मला हाका मारल्या होत्या. तीन. मी ऐकल्या. मी गेले नाही."

तिला वाटलं, आता हा उठून जाईल. जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं.

"तांब्या मी ठेवला होता," तो म्हणाला.

"काय?"

"त्या सकाळी. आई म्हणाली, पाणी हाताशी ठेव. मला फेरीला उशीर होत होता. मी कोनाड्यात ठेवला. म्हटलं, तू आहेस ना घरात. हाताशी ठेवला असता तर ती उठलीच नसती, पडली नसती." त्याने हाताची मूठ उघडली आणि मिटली. "मला वाटलं होतं, तुला ठाऊक आहे. म्हणूनच तू माझ्याशी त्या विषयावर कधी बोलत नाहीस."

एका छताखाली, एका भट्टीपाशी, एकाच मरणाची दोन ओझी.

"पण तुम्ही तर दर महिन्याला भाकर घेता," ती म्हणाली. "मी ऐकलंय. कधी चुकवत नाही तुम्ही."

"घेतो ना."

"हे मनात असून?"

"मनात आहे म्हणूनच घेतो," तो म्हणाला, जणू तिने काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "नाहीतर जगलो असतो कसा?"

दुसऱ्या दिवशी मौनीबाई तिसऱ्या रांगेत बसली, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला लेक, मांडीवर नात. मागच्या रांगेत सुतार. पाळक मेजामागे उभे राहिले, त्यांनी फडकं काढलं. चिरलेली भाकर पाहून दोन-चार माना हलल्या, कुजबूज झाली. पाळकांनी ती दोन्ही हातांनी उचलून धरली. भेगेतला पांढरा गर खिडकीच्या उजेडात लांबूनही दिसत होता.

सगळ्यांचे डोळे प्रार्थनेला मिटले. तिने मिटले नाहीत. तिला बघायचं होतं. आभार मानून झाल्यावर पाळकांनी अंगठे त्या भेगेत घातले आणि भाकर मोडली. फारसा जोर लागला नाही. कवचाचा हलका आवाज झाला, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा, आणि तिला वाटलं, आपल्या छातीतच काहीतरी मोकळं झालं.

ताट रांगेतून येऊ लागलं. पाय सवयीने उठायला बघत होते. मांडीवर नात होती, म्हणून त्यांना उठता येईना. ताट नवऱ्याकडे आलं. त्याने एक तुकडा घेतला आणि ताट तिच्यापुढे धरलं. तीस वर्षं तिने हे पीठ मळलं, भाजलं, गुंडाळलं, पाठवलं. तिच्या हातातून ते नेहमी जातच आलं होतं. आज ते तिच्या हातात आलं. नखाएवढा तुकडा, वजन कसलं ते नाही, आणि तरी तिला तो पेलवेना. हा तिने कमावलेला नव्हता. एकही नियम त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा नव्हता. तो नुसता दिला गेला होता, चिरलेला, अळणी, तिच्यासाठी. आजूबाजूची माणसं, बाकं, खिडक्या सगळं आहे तिथेच होतं, आणि तिला भर चर्चमध्ये पायातल्या चपला काढून ठेवाव्यात असं वाटलं. तिने तुकडा तोंडात घातला.

मागून सुताराची कुजबूज आली, "मीठ विसरली बाई."

तिला हसू आलं. ती हसली, मोठ्याने नाही पण अंग हलेल एवढी, आणि हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या. नात जागी झाली आणि तिच्याकडे टक लावून बघू लागली.

"आले हं, आई," मौनीबाई हळूच म्हणाली. "आले."

लेकीने कान पुढे केला. "कोणाला म्हणालीस?"

"तुझ्या आजीला."

फळी त्यानंतरही भिंतीवरच राहिली. ती काढू नका, आजोबांचं अक्षर आहे, असं मौनीबाईनेच सांगितलं. पण तिच्याखाली एक स्टूल आलं, आणि पहिल्या रविवारच्या आदल्या सकाळी लेक माहेरी असली की त्या स्टुलावर बसून गप्पा मारी, नात पिठात बोटं खुपसे, आणि मौनीबाईचा तोंडाचा पट्टा मळता मळता चालू राही. सुताराने नाव बदलायला पाहिजे म्हणून महिनाभर डोकं खाजवलं, पण तोवर जुनंच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. मीठ ती पुन्हा कधी विसरली नाही. भाकर कधी चिरायची, कधी नाही. दोन्ही मेजावर गेल्या.

पाळक त्यानंतर सात वर्षांनी वारले. मौनीबाई त्यांच्यामागून दोन वर्षांनी, थंडीतल्या एका मंगळवारी सकाळी, आतल्या खोलीतल्या त्याच पलंगावर वारली. तिला एकाहत्तरावं वर्ष लागलेलं होतं. तिने पाणी मागितलं तेव्हा नवरा तांब्या घेऊन उशाशीच बसला होता.